वारं पडलं की

झुंबर, हे मोबाईलवर पाठवलं तर तू "वाचलं, बाई" म्हणशील आणि उघडणारही नाहीस. तरी लिहिते.

तुझ्या वडलांचा मोठा कळप होता. तुझ्याकडं थोड्या मेंढ्या आणि रानात ऊस. गुडघा गेला नसता तर तू अजून सोमेश्वरनगरला कारखान्यावर उसाचे ट्रॅक्टर नेत असतास. गेला, म्हणून इंदापूरकडच्या आमच्या माळावर मेंढरं राखतोस आणि दिवसभर चिंकारा हरणं बघतोस. वारं सुटलं की चाहूल लागत नाही, म्हणून ती ओढ्याच्या आडोशाला बसतात. पण थंडीत आभाळ आलं आणि वारं पडलं, की दुपारपर्यंत उघड्यावर चरतात. हे तू कुणालाही सांगतोस, हीच तुझी खोड.

शिकारीला बंदी आहे, पण गवत वाळलं की चोरून येणारे येतातच. गेल्या पौषात जीप थांबली, तर तुझं सुरू, "काय पाहुणं, कुठलं गाव?" आपल्याकडं अनोळखी माणसाला आधी पाहुणा करायचा आणि मग पोटातलं सगळं त्याच्या ताटात वाढायचं. त्यांना म्हणे फोटो काढायचे होते.

"आज वारं हाय, न्हाय दिसायची. उद्या वारं पडंल. सकाळच्याला वरच्या माळावर या," तू म्हणालास. वर चहा पाजलास. ते जीपमध्ये चढताना ताडपत्री सरकली आणि तुला बंदूक दिसली.

तू तडक माझ्या दारात. "बाई, घाण केली. पाहुण्यांला सगळं सांगितलं, अन् जीपमधी बंदूक हाय."

"पाहुणे कसले? शिकारी म्हण."

"व्हय, पर चहा पिस्तवर पाहुणंच हुतं की."

दुसऱ्या दिवशी खरंच वारं पडलं आणि हरणं वर आली. तू उजाडताच मेंढरं आणि कुत्री तिकडंच घातलीस. मी मागून पत्र्याचा डबा बडवत. हरणं ओढा ओलांडून पार दिसेनाशी झाली, तेव्हा जीप आली.

"आबा, हरणं कुठायत?"

"आज मेंढरंच हायती, पाहुणं."

शिव्या घालून गेले. मी जीपच्या नंबराचा फोटो काढला आणि म्हटलं, सोमवारी इंदापूरला वनखात्यात जबाब देऊ, नाहीतर पुढल्या थंडीत पुन्हा येतील.

सोमवारी तुझ्या मेंढ्यांना इंजेक्शन होतं. पुढच्या सोमवारी उसाचं पाणी. मग एकदा खरं बोललास. "बाई, त्यांला मीच बोलावलं, हे बी सांगावं लागंल न्हवं?"

"लागेल."

"मग जाऊ की निवांत."

मी एकटी जाऊन काय सांगू? बोललास तू, बंदूक पाहिलीस तू. आता गवत पुन्हा वाळायला लागलंय. परवा मी विचारलं, तर म्हणालास, "आवंदा नक्की." इंदापूरची एसटी समोरून गेली. तू हात केला नाहीस, मीही नाही.