मावशींनी आकाशातून पाहिलेलं शेत

मंडळी, आज सकाळी बदलापूरजवळच्या एका गावात हिरव्यागार भातशेतीचा व्हिडिओ काढायला गेलो होतो. ड्रोन वर जाताच एक मावशी विळा घेऊनच बांधावरून धावत आल्या.

"जमीन मोजायला आलाय का? आधी खाली घ्या ते!"

माझी जाम तंतरली. "नाही हो मावशी, नुसता व्हिडिओ काढतोय. हे बघा," म्हणत स्क्रीन त्यांच्यापुढे धरली.

त्या बघतच राहिल्या. मग बोट ठेवून म्हणाल्या, "हे तर आमचं शेत! चाळीस वर्सं लावणी केली, पण एवढं देखणं हाय ते आज कळलं!"

त्यांनी हाका मारून आळीतल्या सगळ्या बायकांना बोलावलं. प्रत्येकीला तिचं शेत दाखवता दाखवता माझ्या तिन्ही बॅटऱ्या संपल्या. व्हिडिओ काढायचा राहिला, पण मजा आली!

तुमचं गाव वरून दिसलं, तर तुम्ही आधी काय शोधाल?