बगॅस यार्डातला ताप

पहाटे तीनला कृष्णात उठायचा. चारच्या पाळीला कराडजवळच्या साखर कारखान्यात, बगॅस यार्डात हजर. बगॅस म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा. तोच बॉयलरमध्ये जळतो. हंगाम सुरू होताना मागच्या वर्षीची थप्पी आधी फोडायची. वरून वाळलेली, आतून भिजून कुजलेली. दाताळं मारलं की पांढरा धुरळा उठायचा. बाकीचे वाऱ्याची बाजू धरून कडा खरवडत. कृष्णात आत घुसायचा. काम अर्धं टाकणं त्याला कधी जमलं नाही. तोंडाला फडकं बांधलं की दम कोंडायचा, म्हणून तेही त्यानं सोडलं.

पाळी सुटली की मुकादम प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. गुळानं छातीतली धूळ निघून जाते, असं यार्डात सगळेच मानायचे. कृष्णात एकाऐवजी दोन खडे खायचा.

संध्याकाळी ताप भरायचा. हुडहुडी, कोरडा खोकला, छाती आवळल्यागत. सकाळी उठला की कामाला जाण्याइतका बरा. सुट्टीच्या दिवशी तर ताप फिरकायचाच नाही.

"तुझा ताप लय इमानी हाय गड्या," जोडीला काम करणारा दस्तगीर म्हणायचा. "हजेरी लागल्याबिगर येत न्हाई."

कृष्णातही हसायचा.

असे अकरा हंगाम गेले. हळूहळू ताप कमी झाला आणि धाप सुरू झाली. आधी यार्डाच्या चढावर, मग सपाटीवर, मग डोक्यावर पाण्याचा तांब्या ओतताना. त्याचा चुलता टीबीनं गेला होता. शेवटी त्याचं ताटही वेगळं मांडत. कृष्णातला ते ताट दिसू लागलं. तो खोकला दाबायचा, दाबला की डोळ्यांत पाणी यायचं. एक दिवस बायकोनं, रंगूबाईनं, त्याचा हात उजेडात धरला.

"आवं, बोटं बघा की. टोकं सुजल्यागत झाल्यात. नखं बी गोल वळल्यात."

तिनं त्याला सरकारी दवाखान्यात नेलंच. थुंकी दोनदा तपासली. टीबी निघाला नाही. दुसऱ्या दिवशी कृष्णातनं यार्डात पेढे वाटले. दस्तगीरनं दोन उचलले. "एक तुझा, एक तुझ्या तापाचा."

आठवडा झाला नाही तोच कृष्णात दाताळं धरून खाली बसला, तो उठेना. ओठ निळे पडले होते. दस्तगीर त्याला रेल्वेनं मिरजेला, छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. बाईंनी पाठीवर, अगदी खाली, नळी लावली आणि बराच वेळ ऐकलं. मग विचारलं, "घरात कबुतरं आहेत?"

"न्हाईत."

"दगडाच्या खाणीत काम केलंय? सांधे सुजतात? वर्षानुवर्षं चालू असलेलं एखादं औषध?"

"न्हाई."

"मग काम काय करता?"

दस्तगीरनं सगळं सांगितलं. थप्पी, धुरळा, संध्याकाळचा ताप, सुट्टीचा आराम. बाईंचं लिहिणं थांबलं.

स्कॅन झाला. बाईंनी फोटो उजेडावर धरला. फुप्फुसात तळाशी रिकाम्या मोहोळासारखी भोकं दिसत होती.

"कुजलेल्या चोथ्यावर बुरशी धरते. तिची पूड इतकी बारीक, की थेट हवेच्या पिशव्यांपर्यंत जाते. पिशवीची भिंत कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असते. तिच्यातूनच प्राणवायू रक्तात उतरतो. शरीर त्या पुडीशी झगडतं, भिंत सुजते. ताप यायचा तो त्याचा. पुन्हा पुन्हा सुजली की तिथं व्रण राहतो, हाताच्या घट्ट्यासारखा. भिंत जाड होते, फुप्फुस ताठ होतं."

"गूळ कवा चुकवला न्हाई मी," कृष्णात म्हणाला. "एक दिस बी न्हाई."

"गूळ अन्ननळीनं पोटात जातो. धूळ श्वासनळीनं फुप्फुसात. त्यांची कुठं भेटच होत नाही."



"पर टीबी तर न्हाई ना बाई?" कृष्णातनं विचारलं.

"टीबी असता तर सहाएक महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेक बरे झाला असतात." बाईंनी औषधाचा कागद पुढं ओढला. "आहे ती सूज औषधानं उतरेल. व्रण मात्र राहणार. धुळीत पुन्हा पाऊल टाकलंत तर तो वाढेल."

कृष्णातनं आपले हात पाहिले. घट्टे त्याला माहीत होते. हंगाम नसलेल्या महिन्यांतही ते पुरते जात नाहीत. तसलं काहीतरी आपल्या आत आहे. परतीच्या गाडीत तो प्रत्येक श्वास मोजत बसला.

त्यानं काम सोडलं. फंडाचे पैसे हातात आले तेव्हा रंगूबाईला वर माडी चढवायची होती. माडी राहिली. हवेतून प्राणवायू वेगळा काढणारं यंत्र घेतलं. ते आलं त्याच दुपारी गावची वीज गेली. यंत्र शिट्टी घालून बंद पडलं. कृष्णातनं नळी नाकाशी दाबून धरली, तिच्यातून काही येईना. त्यानं रंगूबाईचं मनगट इतकं आवळलं की बांगडी फुटली. वीस मिनिटांनी वीज आली तोवर ती त्याला हातपंख्यानं वारा घालत होती आणि तो तिच्याकडे डोळे फाडून बघत होता.

उरल्या पैशांत दुसऱ्या दिवशी त्यांनी इन्व्हर्टर आणि दोन बॅटऱ्या आणल्या.