अकरा भोकांची भिंत

भिंतीला भोकं मुद्दाम ठेवलेली असतात, हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. वरणाला फोडणी कधी द्यायची, सासऱ्यांसमोर पदर कसा घ्यायचा, सगळं शिकवून झालं होतं. भोकांबद्दल आईनं चकार शब्द काढला नाही. त्यामुळे पुढे जे झालं त्यात थोडा दोष तिचाही आहे, असं मी अजून धरून चालते.

माझं सासर इंदूरचं. बड्या गणपतीच्या देवळावरून खाली उतरत गेलं की नदीला लागून आमचं घर. खोल्या चारच, पण मागे अंगण होतं, आणि अंगण संपतं तिथून दोन पुरुष उंचीची दगडी भिंत थेट पात्रात उतरलेली. अंगणाची सगळी माती त्या भिंतीनं धरून ठेवली होती. मामंजी, म्हणजे माझे सासरे, संस्थानच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते आणि भिंत त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतली होती. मी आले त्या वर्षी त्यांनी भिंतीपासून चार हातांवर नवं स्वयंपाकघर काढलं, नदीकडे मोठी खिडकी ठेवून. "सूनबाई, ही तुझी," एवढंच म्हणाले. माहेरी मी धुरात डोळे चोळत मोठी झालेली. त्या खिडकीवर माझा फार जीव होता.

भिंतीच्या नदीकडच्या अंगाला, खालच्या बाजूला, एका ओळीत भोकं होती. मूठ जाईल एवढी. पावसाळाभर त्यांतून पाणी ठिबकायचं आणि प्रत्येकाखाली तपकिरी ओघळ पडायचा. दर वैशाखात नदी आटली की मामंजी धोतर खोचून पायऱ्यांनी खाली उतरत आणि लोखंडी सळईनं एकेक भोक खरडत बसत. त्या सळईला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे, मुलानं तर नाहीच. "त्याचं लक्ष नसतं," म्हणत. मला वाटायचं, पेन्शनीतल्या माणसाला काहीतरी उद्योग हवा, करू दे बापडे.

समोरच्या काठावर एका वकीलसाहेबांचं घर. उन्हाळ्यात दगडांवर पाय देत नदी ओलांडता येई, म्हणून वकीलीणबाई आमच्याकडे हळदीकुंकवाला समोरूनच येत, आणि त्यांना आमचं घर आधी मागून दिसे. माझ्या पहिल्या चैत्रगौरीला आंब्याची डाळ झाली, पन्हं झालं, आणि पंधरा बायकांच्या देखत त्या म्हणाल्या, "वैनी, बाकी सब बढ़िया, पण तुमची भिंत बारा महिने नाक गाळते हो." बायका हसल्या. मीही हसले. आणि वर्षभर ते वाक्य मनात घोळवत चरफडत राहिले.

पुढच्या चैत्रात घर माझ्या एकटीच्या हाती आलं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मामंजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि नणंदेनं त्यांना विश्रांतीला उज्जैनला नेलं. आणि आमचे हे ग्वाल्हेरला. मध्यभारतचं सरकार तेव्हा हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला बसायचं. सरकारबरोबर फाइली, टाइपरायटर, शिपाई आणि माझा नवरा अशी वरात दरसाल जायची आणि यायची. ती वरात परत यायला अजून अवकाश होता. मी म्हटलं, हीच वेळ.

पदर खोचला आणि बादली घेऊन खाली उतरले. आधी भोकं मोजली, म्हणजे सामान किती लागेल ते कळतं. अकरा निघाली. आत फुटक्या कौलांचे तुकडे ठोकले, त्यावर चिंध्या कोंबल्या. दहा भोकांत चिंध्या संपल्या. ट्रंकेच्या तळाशी ह्यांचा हिरवा मफलर सापडला, कसर लागून चाळणी झालेला. हा मफलर ग्वाल्हेरला चोरीला गेल्याचं ह्यांचं पत्र आलेलं होतं. शेजारच्या टेबलावरच्या बाबूवर संशय होता, त्याच्याशी बोलणंही बंद केलं होतं. नाहीतरी तो चोरीला गेलेलाच आहे, असा विचार करून मी मफलर उरलेल्या मधल्या भोकात घातला. सिमेंट त्या काळी परमिटवर मिळायचं. मामंजींनी अडीअडचणीला म्हणून डबाभर जपून ठेवलं होतं, ते सगळं भोकांच्या तोंडावर थापलं आणि वरून पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले. भोकं होती की नव्हती हे भिंतीलाही आठवलं नसतं.

हळदीकुंकवाच्या दिवशी वकीलीणबाई नदीच्या मधोमध दगडावर थांबून बघत राहिल्या. "अय्या, नाक पुसलंत वाटतं भिंतीचं," म्हणाल्या. मी त्यांना डाळ दोनदा वाढली.

वैशाखात हे परत आले, आणि चार दिवसांनी उज्जैनहून मामंजींचं कार्ड आलं, नणंदेच्या अक्षरात. भोकं खरडून घेणे, सळई देवघराच्या मागे आहे. ह्यांनी कार्ड वाचलं, पेपरवेटखाली ठेवलं, आठवडाभर तिथे मुरू दिलं आणि मग उत्तर लिहिलं की काम पूर्ण झाले आहे. सरकारी नोकरीनं माणसाला दुसरं काही आलं नाही तरी एवढं येतं. मी ते उत्तर वाचलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मनाशी म्हटलं, भोकंच नाहीत तर खरडायचं काय? आणि कार्ड टपालात पडलं.

ज्येष्ठात मामंजी आले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा आधीपासून अधू, चष्मा अजून यायचा. वाकायचं नाही, पायऱ्या उतरायच्या नाहीत, असा डॉक्टरांचा हुकूम. ते मागच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसत आणि घर कानांनी चालवत. दूध उतू जायच्या आधी त्यांना कळायचं. माझ्या मनात मात्र तेव्हाही काही आलं नाही, इतकी मी निर्धास्त होते.

आषाढात पाऊस सलग तीन दिवस लागून राहिला. तिसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, जरा उघडीप झाली. मी खिडकीशी भांडी पुसत होते.

"सूनबाई, भिंत गप्प का आहे?" मामंजींनी विचारलं.

"भिंत काय बोलणार, मामंजी?"

"एवढ्या पावसावर ठिबकते. आज ऐकू येत नाही."

तेव्हा माझा हात थांबला. सकाळीच स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जमिनीला चीर दिसली होती, बोट जाईल एवढी. मी तिच्यावर पाट ठेवला होता, पाय अडकू नये म्हणून. ते मी सांगितलं. मामंजी उठून उभे राहिले. ह्यांना म्हणाले, कठड्यावरून ओळंबा सोड. ह्यांनी वाकून दोरी सोडली. दोरी मधे भिंतीला टेकत होती. आमची सरळसोट भिंत पोट काढून उभी होती.

"जमीन पाऊस पिते," मामंजी शांतपणे म्हणाले. "ते पाणी भिंतीमागे साठतं. ती भोकं, वीप-होल, त्याच्यासाठीच असतात. ती वाहिली नाहीत तर पाणी भिंतीला ढकलतं. भिंत गेली की अंगण जाईल, आणि अंगणाबरोबर स्वयंपाकघर." मग ह्यांच्याकडे तोंड करून, "भोकं खरडली होतीस ना?"

"हो, बाबा."

"सगळी?"

"सगळी."

"सगळी म्हणजे किती?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सात," म्हणाले. मामंजींनी कान तसाच रोखून ठेवला. "म्हणजे, आठ."

मला माझी खिडकी दिसत होती. माझी भांडी, फडताळ, मामंजींनी हातानं ठोकलेली खुंटी. आणि नवरा डोळ्यावर पट्टी बांधलेल्या बापासमोर आकडे वाढवत होता.

"अकरा," मी म्हटलं. "आणि ती खरडलेली नाहीत, मामंजी. मी बुजवली आहेत."

"कशानं?"

"कौलं, चिंध्या. वर सिमेंट."

"कुठलं सिमेंट?"

"डब्यातलं."

"सगळं?"

"सगळं."

देवाशप्पथ सांगते, भिंतीचं ऐकून जेवढं झालं नव्हतं तेवढं त्यांना डब्याचं ऐकून झालं.  मग म्हणाले, "पहार आणा. आणि विहिरीचा दोर."

मामंजींना दिसत नव्हतं आणि जागा माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला माहीत नव्हत्या, तेव्हा खाली मला उतरावंच लागलं. नदी पायऱ्यांवर चढलेली, भिंतीच्या पायाची कड गुडघाभर पाण्यात. ह्यांच्या कमरेला दोर, दुसरं टोक अंगणातल्या कडुलिंबाला वेढा देऊन मामंजींच्या हातात. मी पायऱ्यांचा कठडा धरून बोट दाखवायचं, ह्यांनी पहार मारायची. "आधी टोकांची. मधली शेवटी," वरून हुकूम येत होते. माझं काम इतकं पक्कं झालं होतं की पहिल्या भोकाला पाव तास लागला. हे दर घावाला थांबून माझ्याकडे बघत. मी काय समजायचं ते समजले.

पहिलं भोक फुटलं आणि चिखलाची पिचकारी ह्यांच्या छातीवर बसली. दुसरं फुटलं. पाचव्यापर्यंत ह्यांचं फक्त तोंड पांढरं राहिलं होतं. समोरच्या काठावर माणसं जमली. "क्या भिया, क्या निकाल रिये हो दीवार में से?" कुणीतरी ओरडून विचारलं. तेवढ्यात मधलं, शेवटचं भोक फुटलं, आणि पाण्याबरोबर एक लांबलचक हिरवी वस्तू येऊन ह्यांच्या गळ्यात पडली.

ह्यांनी ती हातात घेतली. उलटी करून पाहिली.

"हा माझा मफलर आहे."

"हो."

"हा ग्वाल्हेरला चोरीला गेला होता."

"मिळाला ना मग," मी म्हटलं. त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही.

समोर वकीलीणबाई छत्री धरून उभ्या होत्या. आमच्या भिंतीनं अकरा नाकपुड्यांनी नाक शिंकरलेलं त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं.

भिंत राहिली. पोट तेवढं कायमचं आलं. संध्याकाळी मी चुलीपुढे बसून पोटभर रडले, आणि ते भीतीनं नव्हे, लाजेनं. ज्या माणसानं मला खिडकी दिली त्याची भिंत मी एका टोमण्यापायी नदीत घालायला निघाले होते. मामंजींनी हाक मारली. आता माहेरी धाडतात, असं धरूनच मी गेले. ते सळई मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी ती चाचपडत माझ्यापुढे धरली.

"यापुढे हे तुझं काम."

"माझं? मीच तर बुजवली."

"म्हणूनच. तो ह्या घरात जन्मला आणि त्याला अजून भोकं किती ते माहीत नाही. तू निदान मोजून बुजवलीस." मग सळई माझ्या हातात सोडत, "सिमेंटचं मात्र मी विसरणार नाही."

आणि विसरले नाहीत. पाहुणे आले की चहाबरोबर डब्याची गोष्ट व्हायचीच. ह्यांनी ग्वाल्हेरच्या बाबूला माफीचं पत्र लिहिलं, त्यात मफलर कुठे सापडला ते लिहिलं नाही. मी पुढच्या चैत्रगौरीला वकीलीणबाईंना आधी कठड्याशी नेऊन ओघळ दाखवले आणि मग डाळ वाढली, एकदाच.

पुढे मामंजींची नजर अगदीच गेली. पावसात ओसरीवर बसून विचारायचे, "सूनबाई, अकरा?" मी कठड्यावरून वाकून मोजायची आणि सांगायची, "अकरा." त्यांच्या शेवटच्या आषाढात ते आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेले. दोन दिवस मी त्यांच्या उशाशीच होते, मोजायला उठणार कोण?

"सूनबाई, अकरा?"

"अकरा, मामंजी," मी बसल्या जागेवरून ठोकून दिलं.

ते कान देऊन पडून राहिले. "दहा," म्हणाले. "तुझ्या खिडकीखालचं बंद आहे. ते आधी बघ."

मी सळई घेऊन भर पावसात खाली उतरले. खिडकीखालच्या भोकात लिंबाचं मूळ घुसलं होतं. ते ओढून काढलं, पाणी सुटलं. ओल्या लुगड्यानिशी वर येऊन दारात उभी राहिले. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "हं. आता अकरा."