सातव्या होलची उघाडी

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. आजही आहे, असं म्हणवत नाही...

नागावच्या पुढे, खाडीला लागून आमचा खासगी गोल्फ क्लब आहे. मैदानाची देखभाल माझ्याकडे. पूर्वी इथे भातशेती होती. क्लब झाला तेव्हा सातव्या होलवर पाणी तुंबून राहायचं, मोठमोठे सल्लागार थकले. धर्माकाका — शेत विकून आमच्याकडेच माळी झालेले — मला म्हणाले, "जुनी उघारी बुजवली रं तुमी. ती खोला, पानी आपसूक जाईल."

उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी फळ्यांचं दार. भरतीला लावायचं, ओहोटीला काढायचं. मी तेच कागदावर काढून साहेबांना दाखवलं... माझं म्हणून. बढती मिळाली. काकांना कळलं तेव्हा ते नुसते हसले. "पगार जास्ती झाला ना तुजा? आता तरी बायको भेटंल!"

चार वर्षांपूर्वी काका गेले.

गेल्या पावसाळ्यात क्लबच्या इतिहासाची पुस्तिका निघणार होती. भर दुपारी सेक्रेटरींनी बोलावलं. "उघाडीची आयडिया तुमचीच ना?" मी हो म्हणालो — आणि बोलण्याच्या नादात ओहोटी लागल्याचं विसरलोच. बाहेर धो धो पाऊस, फळ्या लावलेल्या. म्हणजे सगळं मैदान पाण्याखाली! तसाच धावत सुटलो.

फळ्या निघालेल्या होत्या. पाणी खळखळत खाडीत चाललं होतं. त्या फळ्या एकट्याने हलत नाहीत, आणि माझ्या हाताखालची दोन्ही माणसं तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, पाणी उपसायच्या पंपावर होती. बांधावर फळ्या नीट रचलेल्या... वरच्या फळीवर चिमूटभर तांदूळ, हळद. उघाडी काढताना असे तांदूळ फक्त काका वाहायचे. एवढ्या पावसात ती हळद कोरडी होती.

भीती नाही वाटली. उलट किती तरी वर्षांनी बरं वाटलं. भिजत तिथेच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींना खरं ते सांगितलं. पुस्तिकेत आता काकांचं नाव आहे. "इतकी वर्षं का नाही बोललात?" त्यांनी विचारलं. मी त्यांना काकांचं पूर्ण नाव लिहून दिलं. फळ्या कोणी काढल्या, ते मला अजूनही ठाऊक नाही.

काकांची लेक बेबीताई नागावातच राहते. तिच्यासमोर उभं राहून माफी मागायची आहे. ती मी अजून मागितलेली नाही.