ऑनले बनवणारा केसरीनाथ

अंजूरच्या सावळाराम तरे यांना दोन मुलगे. थोरला हरी, धाकटा केसरीनाथ. खाडीकडची भातशेती गेली आणि तिथे गोडाऊनं उभी राहिली, तेव्हा हरीने खुर्ची टाकली आणि भाडेकरू सांभाळायला लागला. केसरीनाथलाही तशीच एक खुर्ची मिळाली असती. बसायचं, चहा प्यायचा, आलेल्या-गेलेल्या ट्रकवाल्यावर ओरडायचं. पण या बाबाला नसती हौस! त्याने भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या एका गल्लीत, कापडाच्या लूमच्या खडखडाटात, दहा बाय दहाची खोली घेतली आणि तिथे दात बनवत बसला.

हो, दात. दाताचे डॉक्टर माप घेतात, ते कुठे जातं याचा विचार कोणी करत नाही. ते अशा एखाद्या खोलीत जातं. तिथे त्या मापात प्लास्टर ओततात, त्यावर मेणाचा दात घडवतात, त्याभोवती भुकटीचा साचा करतात, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओततात, मग साचा फोडून तो बाहेर काढतात, घासतात, चकाकवतात. केसरीनाथ हे सगळं एका माणसाकडून शिकला होता आणि त्याच्यापेक्षा चांगलं करायला लागला होता. हरी नाक मुरडायचा. म्हणायचा, "लोकांच्या उष्ट्या दातांचं काम करतो माझा भाऊ." लग्नकार्यात कोणी भावाबद्दल विचारलं तर "गोडाऊनचं बघतो" एवढंच सांगून मोकळा व्हायचा.

केसरीनाथचा जीव खरा अडकला होता ऑनलेमध्ये. दाताची टोपी, म्हणजे कॅप, सगळेच बनवतात. त्यासाठी डॉक्टर चांगला दात चारही बाजूंनी तासतात, उरलेल्या खुंटावर टोपी बसवतात, झालं. ऑनले तसा नसतो. दाताचं जेवढं मोडलंय, किडलंय, तेवढंच काढायचं, आणि तेवढ्याच जागेवर बरोब्बर बसेल असा धातूचा तुकडा करून चिकटवायचा. बाकीच्या दाताला धक्का लावायचा नाही. हरभऱ्याच्या डाळीएवढी वस्तू! त्याची कड केसभर वर राहिली तर अन्न अडकतं, केसभर आत गेली तर आतून पुन्हा कीड लागते. भिवंडीत असं काम मागणारी एकच डॉक्टर होती, सरोजिनीबाई. त्यांचे वडील इथल्या शाळेत मास्तर होते आणि बाई मास्तरांसारख्याच कडक. "केसरीनाथ, दात वाचवायचाय, पुरायचा नाही," असं म्हणायच्या. केसरीनाथला ते इतकं आवडायचं की तो घरी येऊन बायकोला, चंद्राला, जेवताना तेच ऐकवायचा. चंद्रा म्हणायची, "बरं बरं, आदी तुमचे दात चालू द्या, भात निवतोय."

धातू घासताना धूळ उडते. धातूची, आणि ज्या भुकटीत तो ओतलेला असतो तिची. पिठासारखी बारीक, जिभेला कडवट. ती ओढून घ्यायला टेबलाखाली सक्शन असतं. एक मोटार, एक पाइप, एक पिशवी. केसरीनाथने खोली घेतली तेव्हाच ते बसवलं होतं आणि सुरुवातीची काही वर्षं ते इमानाने चालत होतं. ते बंद कसं पडलं, ते सांगतो. बंद पडलं नाही, त्याने बंद केलं.

दोन हजार सालची गोष्ट. गणेशपुरीला फुलं-हार विकणाऱ्या ठकुबाईची खालची दाढ सुपारी फोडताना अर्धी तुटली होती. सरोजिनीबाईंनी दाढ साफ केली, माप पाठवलं, वर तात्पुरतं सिमेंट भरून दिलं आणि आठ दिवसांनी बोलावलं. ठकुबाई एसटी पकडून आली, दवाखान्यात बसली. इकडे केसरीनाथ शेवटचा हात फिरवत होता. कड झकास आली होती. आणि बोटातून निसटला की तो तुकडा! सक्शनने एका घासात गिळला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पिशवी फाडली, फरशीवर धूळ पसरली, चाळणीने चाळली. सापडला, पण मोटारीच्या पंख्याच्या पात्यावर आपटून कड वाकली होती. पुन्हा पहिल्यापासून करायला हवा होता.

ठकुबाई तशीच परत गेली. सण तोंडावर होते, हारांची गर्दी, तिला यायला जमेना. तात्पुरतं सिमेंट ते, किती टिकणार? गळून पडलं. ती त्याच दाढेने चावत राहिली आणि एका दिवशी दाढ मुळापर्यंत उभी चिरली. सरोजिनीबाईंना ती काढून टाकावी लागली.

केसरीनाथ माफी मागायला दवाखान्यात गेला. इतकी वर्षं तो दात बनवत होता, पण माणसाचं तोंड त्याने कधी जवळून पाहिलं नव्हतं, फक्त प्लास्टरचे जबडे. ठकुबाईने आ केला आणि बोट लावून दाखवलं. लालभडक खड्डा, त्यात काळं रक्त साकळलेलं. "जाव दे रे बाबा," ती म्हणाली. "एक दात गेला तं गेला. तू कनाला तोंड पाडतोस?" तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ती उलट त्यालाच समजावत होती, आणि त्याने तो घाव मनात जपून ठेवला.

त्याच दुपारी त्याने सक्शनचं बटण बंद केलं आणि पाइपच्या तोंडात, बाहेरून दिसणार नाही असं आतवर, फडकं कोंबलं. लूमच्या खडखडाटात मोटार थांबल्याचं कोणाला कळलंही नाही. कानाला खडा! पुन्हा म्हणून एक तुकडा त्या यंत्राच्या घशात जाऊ द्यायचा नाही. आता सांगा, याला काय म्हणायचं? दुसऱ्या कोणी पाइपला जाळी लावली असती. पण केसरीनाथला वाटलं, जाळीने ओढ कमी होते, आणि ओढ कमी झाली तर ते असून नसून सारखंच. तोंडाला रुमाल बांधला की झालं. तोही घामाने भिजला की खाली ओढायचा. आणि कड बघायची असेल तेव्हा तुकडा डोळ्याजवळ धरायचा आणि त्यावरची धूळ तोंडाने फुंकायचा. फुंकायचं म्हणजे आधी श्वास घ्यावा लागतो, आणि तो घ्यायचा त्याच धुळीतून.

खोकला सुरू झाला चार वर्षांनी. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायला लागला. निजामपुऱ्यात खोकणाऱ्या माणसाकडे कोण बघतं? अर्धी गल्ली खोकत असते. शेवटी हरी त्याला गाडीत घालून एका डॉक्टरकडे घेऊन गेला. छातीचा फोटो काढला, त्यात पांढरे ठिपके. डॉक्टर गर्दीतून मान वर करून म्हणाले, "काम काय करता? लूमवर?"

केसरीनाथने तोंड उघडलं होतं. पण हरीच आधी बोलला. "लूमवर कनाला जाऊ? आमची गोडाऊनं हायत अंजूरला. जमीनवाले आमी." ते म्हणताना त्याची छाती फुगली होती. बाकावर गावातली आणखी दोन माणसं बसली होती, त्यांच्यासमोर तो आणखी काय सांगणार होता? केसरीनाथ मूग गिळून बसला. खरं सांगायचं तर त्यालाही त्या क्षणी बरं वाटलं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

टी.बी. ठरला. थुंकीत काही सापडलं नव्हतं, तरी ठरला. सहा महिने गोळ्या झाल्या. लघवी केशरी व्हायची, तोंडाची चव गेली. हरीच्या घरात त्याचं ताट वेगळं झालं, आणि हरीच्या नातवाला त्याच्या मांडीवर कोणी देईना. चंद्रा अंडी उकडायची, दूध द्यायची, वज्रेश्वरीला नवस बोलून आली. आणि हा सुट्टी घेत नव्हता. गोळ्या खिशात टाकून खोलीवर जायचा, घासायचा, फुंकायचा, खोकायचा. सहा महिन्यांनी खोकला होता तिथेच. मग दुसऱ्यांदा उपचार सुरू झाले, या वेळी इंजेक्शनांसकट. दंड सुजले, एका कानाने कमी ऐकू यायला लागलं. खोकल्याने मात्र काही ऐकलं नाही.

सरोजिनीबाईंना शंका आली होती. एकदा तो काम द्यायला गेला तेव्हा खुर्चीवर बसून पाच मिनिटं धापा टाकत होता. त्यांनी सरळ विचारलं, "केसरीनाथ, सक्शन चालू असतं ना?"

"असतं की, बाई."

"रोज?"

"रोज."

का खोटं बोलला? बाई रागावतील म्हणून? बाई काम काढून घेतील म्हणून? ते होतंच. पण त्याच्या मनात असंही होतं, की छाती आपली आहे, ती खर्च करायचा हक्कही आपला. सात वर्षांत त्याच्या हातून एक तुकडा हरवला नव्हता. किती दाढा वाचल्या असतील! माणसं त्या दाढांनी भाकरी चावत असतील, आणि त्यांना त्याचं नावही ठाऊक नसेल. या विचाराने त्याला इतकं समाधान वाटायचं की खोकल्याची उबळ आली तरी तो हसायचा. वेडा माणूस! राग येतो मला त्याचा, आणि कीवही येते.

दोन हजार आठमध्ये सरोजिनीबाईंनीच चिठ्ठी देऊन त्याला ठाण्याला छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. या वेळी हरी सोबत नव्हता. चंद्रा होती. तोवर केसरीनाथ अंजूरच्या रिक्षास्टँडपर्यंत चालतानाही दोनदा बसत होता.

डॉक्टर तरुण होते, पण घाईत नव्हते. त्यांनी जुने सगळे फोटो एकापुढे एक लावले, नवा स्कॅन पाहिला आणि खुर्ची पुढे ओढली. "हा टी.बी. नाही. कधीच नव्हता, असं मला वाटतं. काका, तुम्ही हाताने काय काम करता?"

हरी नव्हता, म्हणून त्याला सगळं सांगता आलं. प्लास्टर, भट्टी, धातू, घासणं. डॉक्टर ऐकत होते आणि लिहीत होते. "धूळ ओढायला काही होतं?"

"होतं. बंद हाय. आठ वर्षं झाली."

शेजारी बसलेल्या चंद्राने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. ती धूळ फुप्फुसात जाऊन बसली आहे, तिथे दगडासारखे व्रण झाले आहेत. काम आजपासून बंद, घरी ऑक्सिजन लागेल. गेलेली जागा कशानेही भरून येणार नाही, राहिली आहे ती जपायची. केसरीनाथने मान हलवली. असं काहीतरी तो ओळखून होता. किती दिवस, असं त्याने विचारलं नाही. उलट त्याला जरा हलकं वाटलं, कारण आता लपवायचं काही उरलं नव्हतं.

मग डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं, "ती खोली झाडायचं कोण?"

"हीच," केसरीनाथ म्हणाला. "रोज दुपारी डबा घेऊन यायची तवा झाडून काढायची. माझे कपडे बी हीच झटकते."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "किती वर्षं?"

"पहिल्यापासून."

"मावशी, तुम्हाला खोकला येतो?"

"यितो थोरा," चंद्रा म्हणाली. "पन त्यो यांच्या संगतीने. मला काय झालंय?" आणि ती हसली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी दुसरा कागद ओढला आणि तिच्या नावाने फोटो लिहून दिला.

केसरीनाथ फोटोच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहिला. आपण मरणार हे तासाभरापूर्वी कळलं तेव्हा त्याला हलकंच वाटलं होतं. आता मात्र तो त्या बंद दारावरून नजर काढेना. दार उघडून चंद्रा पदर सावरत बाहेर आली, शेजारी बसली आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्याच्या हातात दिली.

"त्यो पाइप बंद व्हता?" तिने हळूच विचारलं.

"व्हता."

"मी रोज झाडताना त्येच्या समोर तोंड न्यायची. बोलायची, बरा हाय, सगली धूल वढून घेतोय."

अर्ध्या तासाने डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं आणि फोटो दिव्यासमोर धरला. पांढरे ठिपके होते. केसरीनाथच्या पहिल्या फोटोत होते साधारण तेवढेच.

केसरीनाथला तिला सांगायचं होतं. ठकुबाईचं, त्या दाढेचं, सगळं. त्याने तोंड उघडलं, पण दोन शब्दांपुरताही श्वास येईना, नुसती घरघर. चंद्रा उठून त्याच्या मागे उभी राहिली आणि त्याची पाठ चोळायला लागली. "आदी दम घ्या," ती म्हणाली. "मंग बोला, काय बोलायचं हाय त्ये." ती रागावली नव्हती. चोळता चोळता तीच खोकली, आणि खोकला थांबेपर्यंत तिचा हात त्याच्या पाठीवर तसाच राहिला.