शेकोटीवरची फळी

मुलुंडला दादाने नवा फ्लॅट घेतला आणि हॉलच्या भिंतीत चक्क शेकोटी बसवली. "डिझाइनमध्येच होती ना," तो म्हणाला. आम्ही इथे बारा महिने घाम पुसतो, हे त्या डिझाइनवाल्याला कुणी सांगितलं नसावं.

मला मात्र तिचं भलतंच कुतूहल. दादाच्या सोफ्यावर बसून मी मोबाइलवर वाचत सुटले. लाकडं जाळायची तर धुराडं हवं, गॅसच्या शेकोटीलाही बहुतेकदा हवा बाहेर सोडावी लागते, विजेच्या शेकोटीचं प्लगवर भागतं. विजेच्यातही दोन जाती. एक नुसत्या ज्वाळा दाखवते, दुसरीत खरा हीटर असतो. दादाची दुसरी होती. बटण दाबलं की ज्वाळांच्या वरच्या जाळीतून गरम वारा यायचा. हे बटण आपल्या घरात कोण दाबणार, म्हणून आम्ही हसलोही.

ते आईने दाबलं. बाबांचा धड असा एकच फोटो आहे, गिरणीच्या गेटपाशी काढलेला. पावसाळ्यात त्याला बुरशी धरली आणि पांढरे ठिपके पार हनुवटीपर्यंत आले. आईने फोटो फ्रेममधून काढला, जाळीवरच्या फळीवर उभा केला आणि हीटर लावला.

मी गेले तेव्हा घरभर डिंक तापल्यासारखा वास होता. फळीच्या कडेची लॅमिनेटची पट्टी सुटून लोंबत होती. फळीला हात लावला तर चटका बसला. फोटोची एक कड वळली होती, पण बाबांचा चेहरा शाबूत होता. माझा जीव भांड्यात पडला. दादाचं डोकं मात्र फिरलं. "प्लायवूड आहे गं आई ते. पेटलं असतं म्हणजे?"

"गावाक चुलीवर सगळा टांगलेला असायचा," आई म्हणाली. "कधी काय जळाक नाय."

खरंच होतं. गावच्या घरी चुलीच्या वर बांबूची फळी टांगलेली असे. आमसुलं, बियाणं, काडेपेट्या, ओलीपासून जपायचं ते सगळं तिच्यावर. मग इथेच काय बिघडलं? मी आईला विचारलं, ती फळी होती तरी किती उंच? तिने हात डोक्याच्या वर सरळ ताणला, टाचाही उचलल्या. इथली फळी जाळीपासून वीतभरसुद्धा नव्हती.

दादाने सुताराला बोलावून फळी तेवढीच उंच नेली, पण जमिनीवरच्या चुलीपासून नव्हे, भिंतीतल्या जाळीपासून मोजून. आता गरम वारा लागला तरी फळीला धोका नव्हता. फोटो पुन्हा फ्रेममध्ये घालून दादाने वर ठेवला. आई पदर घेऊन पुसायला गेली. हात ताणला, टाचा उचलल्या, पण बोटं फळीच्या बरीच खाली राहिली. आई एवढी लहान कधी झाली, मला कळलंच नव्हतं.

"मगे आता फोटो पुसू कसो?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आणून दादाने हीटरच्या वायरी काढून टाकल्या आणि फळी पुन्हा खाली घेतली. शेकोटीची जात बदलली. आता नुसत्या ज्वाळा दिसतात, ऊब नाही. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की आई त्या लावते. आधी फळीवर तळहात टेकून बघते, गार लागली की मगच बाबांचा चेहरा पुसते.