ओठ वर करून न दाखविणेबाबत

वाशिमच्या दातांच्या दवाखान्यात आमचा नंबर पुकारला, तसा मी तरातरा आत गेलो आणि समोर दिसलेल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसलो. बसलो म्हणजे जवळजवळ आडवाच झालो, कारण ती खुर्चीच तशी होती. डॉक्टर मॅडम मास्क चढवून आल्या, डोक्यावरचा दिवा पेटवला आणि म्हणाल्या, "आ करा." पंचायत समितीत पंचवीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला कोणी ठाम आवाजात काही सांगितलं की तो आधी करतो, मग विचारतो. मी आ केला. मॅडमनी छोटा आरसा घालून माझं तोंड कानाकोपऱ्यापर्यंत तपासलं.

"काका, दात तर ठणठणीत आहेत. त्रास नेमका कुठे होतो?"

"त्रास मले नाही," मी तोंडातल्या आरशासकट बोललो. "इले हाय."

दारापाशी बायको हातात पिशवी घेऊन उभी होती. तोंडाला पदर लावून ती हसत होती. खांदे हलत होते म्हणून कळलं.

आमच्या गोतावळ्यात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. ते मला कोणी दिलेलं नाही, मीच घेतलंय. कोणाची हळद असो, बारसं असो, बुद्धपौर्णिमेच्या खिरीनंतर विहाराच्या ओट्यावर माणसं टेकलेली असोत, मी सुरू होतो. आणि गोष्टीत फजिती व्हायला कोणीतरी लागतं. निम्म्या वेळा मी असतो, उरलेल्या वेळा बायको. तिचं ते पदराआड हसणंही मी वापरून घेतलं होतं. पुतण्याच्या साखरपुड्याला कारंजाला गेलो होतो, तिथं भर मांडवात सांगितलं, "लग्नाले पंचवीस वर्षं झाली, पण अजून नवरीसारखी लाजते. लाजाची मुदत कवाच संपली, ही दरवर्षी मुदतवाढ घेऊन राह्यली!" मांडव हसला. तीही हसली. पदराआडच.

खुर्चीवरून उतरून मी तिला बसवलं. मॅडमनी विचारलं, "थंड लागतं का दाताला?" आणि मी म्हणालो, "नाही, तसं काही विशेष..."

"काका, त्यांना बोलू द्या."

मग ती बोलली. चार वर्षं झाली, म्हणाली, डाव्या बाजूचा वरचा सुळा ठणकते. हिरडी वर वर सरकत चालली. उन्हाळ्यात माठातलं पाणी पिता येत नाही, नळाचं कोमट पाणी पिते. आणि चार वर्षांपूर्वी अंगणवाडीत (ती अंगणवाडी सेविका आहे) एका चिमुरडीने गाणं म्हणता म्हणता थांबून विचारलं होतं, "मॅडम, तुमचा येक दात मोठा काहून हाय?"

"तवापासून पदर घेते," ती मॅडमना म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

चार वर्षं आम्ही दोन्ही वेळा समोरासमोर जेवतोय. मी हिशेबाला पक्का असा माझा लौकिक आहे.

मॅडमनी तिला विचारलं, "ब्रश कसला वापरता?"

"कडक."

"आणि घासता कसा?" तिने हवेत घासून दाखवलं. चुलीवरची कढई घासावी तसं, आडवं, दणादणा. "कडकच का घेता पण?"

"हेच आणतेत."

मी छताकडे पाहू लागलो. तिथं पंखा होता, चांगला होता. लग्न होऊन ती इंझोरीहून आमच्या घरी आली तेव्हा तंबाखूची मशेरी लावायची. माहेरी सगळ्याच बाया लावायच्या. मी नवा नवा नोकरीला लागलेला, सुधारणेचा मोठा उत्साह. पहिल्याच महिन्यात मशेरीची डबी फेकली आणि बाजारात होता तो सगळ्यात कडक ब्रश आणला. कडक म्हणजे जास्त स्वच्छ, असा माझा सरळ समज. घासायचं कसं हेही मीच शिकवलं. मशेरी सोडवली याची गोष्टसुद्धा मी पुष्कळ ठिकाणी सांगितलेली आहे. पुढचा भाग मला आत्ता कळत होता.

मॅडम समजूतदार होत्या. म्हणाल्या, मशेरीने याहून वाईट झालं असतं. पण हिरडी अशीच वर जात राहिली तर मूळ उघडं पडून दात हलेल, आणि चांगला धडधाकट दात हातचा जाईल. उपाय असा की तोंडातल्या टाळूच्या आतल्या भागाचा एक पातळ तुकडा काढायचा आणि तो हिरडी गेली तिथं शिवायचा. जीव धरला की तोच हिरडी होतो.

टाळूतून तुकडा काढणार हे ऐकून मी हळूच दाराकडे सरकलो. पण मी पुरुष माणूस, काहीतरी बोलायला हवं होतं.

"मॅडम, घ्याचाच असंल त माह्या टाळूचा घ्या. माही टाळू लय मोठी हाय."

"तसं चालत नाही काका, ज्याचं त्यालाच लागतं."

"नकोच बाई," बायको खुर्चीवरून म्हणाली. "ह्यायचं कातडं लावलं त माहं तोंड कवा बंदच होणार नाही."

या वेळी मॅडम हसल्या, मास्कच्या आत.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात झालं. मॅडम अकोल्याहून ठरलेल्या दिवशीच यायच्या. तासभर मी बाहेरच्या बाकावर बसून भिंतीवरचं दाताचं चित्र पाठ केलं. ती बाहेर आली तेव्हा गाल सुजलेला, ओठ बधिर आणि डोळे मात्र शांत. भीती तिची नसून माझीच होती, हे तिने एका नजरेत मला सांगितलं.

मॅडमनी सूचना दिल्या. गार, पातळ खायचं. त्या बाजूला ब्रश नाही. बोलणं कमी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओठ वर करून पाहायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही. दोन आठवडे तुकडा हलायला नको. "धरला तर दात वाचला. सुटला तर परत टाळूतून काढावा लागेल, आणि दुसऱ्यांदा इतका चांगला बसेलच असं मी सांगू शकत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काका, त्यांना हसवू नका. बाकी मी बघते."

मालेगावला घरी आलो आणि लोक सुरू झाले. ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला जायचं असतं आणि काय झालं ते पाहायचं असतं, ही आमच्याकडची रीत. पाय मोडला तर प्लास्टर दिसतं, पोट कापलं तर पट्टी दिसते. इथं काहीच दिसेना, म्हणून येणाऱ्याला आपली फसवणूक झाल्यासारखं वाटायचं. जयभीम घालून माणूस खुर्चीवर टेकला, पिशवीतून पेरू नाहीतर फरसाण काढलं (तिला चालणार नाही नेमकं तेच), की दुसरं वाक्य ठरलेलं, "दाखव बरं, कुठी कापलं?" आणि ती बिचारी भिडस्त. तिसऱ्या दिवशी शेजारणीसाठी तिचं बोट ओठापाशी गेलेलं मी स्वयंपाकघरातून पाहिलं आणि तिथूनच ओरडलो. दूध उतू गेलं.

एकेकाला तोंडी सांगून भागणार नव्हतं. चौथ्या दिवशी मी रजेवर असूनही कागद घेतला आणि मला जे एकच काम नीट येतं ते केलं. परिपत्रक काढलं. त्यात गंमत करायचा माझा काडीचाही हेतू नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगतो. मॅडमनी हसवू नका म्हटलं होतं, म्हणून मी मुद्दाम सगळ्यात रुक्ष भाषा वापरली. दारावर चिकटवणार, एवढ्यात एसटीने इंझोरीहून बायकोची मोठी बहीण आली. तिला आम्ही दोघंही बाई म्हणतो. उभा जन्म शेतात गेलेली बाई, हाताचा पंजा माझ्या दुप्पट. आल्या आल्या ठेच्याचा डबा ठेवला, पदराने घाम पुसला आणि सरळ बहिणीच्या पलंगावर बसली.

"दाखव व माय. टाके किती हायेत?" आणि ओठाकडे हात नेला.

"बाई, थांबा!" मी मध्ये उभा राहिलो. "तसं करता येत नाही. लेखी सूचना हाय."

"कायची सूचना?"

"आयका." आणि मी कागद समोर धरून, साहेबांपुढे वाचतात तसा, गंभीर आवाजात वाचायला लागलो.

"विषय : ओठ वर करून न दाखविणेबाबत. उपरोक्त विषयान्वये भेटावयास येणाऱ्या सर्व संबंधितांना सूचित करण्यात येते की, रुग्णाच्या वरील जबड्यातील डाव्या सुळ्याची हिरडी सद्यस्थितीत निरीक्षणाकरिता उपलब्ध नाही. निरीक्षणाची तारीख यथावकाश कळविण्यात येईल. तोपर्यंत कोणीही परस्पर ओठ वर केल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी..."

"जवाईबापू, हे मले कायले वाचून दाखवून राह्यले?" बाई म्हणाली. "मी काय बीडीओ हाय?"

"प्रत माहितीस्तव," मी शेवटची ओळ वाचली, "इंझोरी."

पलंगावरून एक विचित्र आवाज आला. बायको दोन्ही हातांनी गाल धरून हसू दाबत होती. डोळ्यांतून पाणी, खांदे गदागदा. आणि मग ते दाबलं गेलं नाही. ती हसली. क्षणभरच. पुढच्या क्षणी तिने हात तोंडावर धरला आणि बोटांमधून रक्त आलं.

मला पुढचं नीट आठवत नाही. मॅडमना फोन लागला एवढं आठवतं. त्या शांतपणे म्हणाल्या, रक्त बहुतेक टाळूच्या जखमेचं असेल. दिलेलं गॉज ओलं करून टाळूला दाबून धरा, वीस मिनिटं, मध्ये काढून पाहू नका. उद्या मी वाशिमला आहेच, घेऊन या. "आणि हिरडीचा तुकडा?" मी विचारलं. "उद्या पाहू," त्या म्हणाल्या.

ती अंगठ्याने गॉज दाबून बसली. मी समोर घड्याळ धरून बसलो. बाई कोपऱ्यात, तोंडाला पदर लावून. मी काय काय मनात आणलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. बायकोची हिरडी माझ्या ब्रशने गेली, तिची भीड मी मांडवात विकली आणि आता जो तुकडा तिने स्वतःच्या टाळूतून दिला, तोही माझ्या कागदाने जाणार. बाराव्या मिनिटाला माझ्या हातातून घड्याळ निसटून खाली पडलं. तिने मोकळ्या हाताने ते उचलून माझ्या हातात दिलं आणि गुडघ्यावर दोनदा थोपटलं. तिलाच लागलेलं, आणि थोपटत होती मला.

रक्त थांबलं. दुसऱ्या दिवशी वाशिमला मॅडमनी स्वतः ओठ उचलला. मी दोन पावलं मागून पाहिलं. तुकडा पांढुरका दिसत होता, पाण्यात भिजलेल्या बोटासारखा. मेला, असंच मला वाटलं.

"पहिल्या आठवड्यात असाच दिसतो," मॅडम म्हणाल्या. "टाके जागेवर आहेत. धरेल की नाही ते मात्र आज सांगता येणार नाही. दहा दिवस जपा."

ते दहा दिवस मी जसा गप्प राहिलो, तसा मी दहावीच्या परीक्षेतसुद्धा राहिलो नव्हतो. परिपत्रक फाडलं. खिचडी मिक्सरमधून काढायची, पंख्याखाली गार करायची, वाटी ठेवायची आणि बाहेर जायचं. बोलायचं तर हो, नाही आणि औषध. बाई इंझोरीला परत गेलीच नाही. सोयाबीनचं खळं लेकावर सोडून ती आमच्या दारात खुर्ची टाकून बसली आणि आल्यागेल्याला बाहेरूनच पाणी देऊन वाटेला लावू लागली. एकाने हटकलंच, "बाई, नुसतं पाहू त द्या." तर म्हणाली, "पाहाचं असंल त माहे दात पाह्य." आणि सगळे दाखवले. जितके होते तितके.

टाके काढायच्या दिवशी मी आत गेलोच नाही. भिंतीवरचं चित्र आता मला पाठ होतं, तेच परत पाहत बसलो. आतून मॅडमचा आवाज आला, "काका, या." बायकोच्या हातात आरसा होता. ती स्वतःच ओठ वर करून पाहत होती, बराच वेळ. सुळ्यावर गुलाबी हिरडी होती. मूळ पुरतं झाकलं नव्हतं, हिरडीच्या कडेला एक बारीक पिवळसर रेघ उरली होती. पूर्ण कधी कधी होत नाही, मॅडम म्हणाल्या, पण धरलंय, आणि आता हा दात जाणार नाही. मी मान हलवली.

मग त्या म्हणाल्या की उजवीकडचा सुळाही त्याच वाटेवर आहे. घाई नाही, पण वर्षभरात करून घेतलेलं बरं.

परतीच्या एसटीत आम्ही बाजूबाजूला बसलो. ती खिडकीबाहेर पाहत होती. बरंच अंतर गेल्यावर मी भीत भीत विचारलं, "मंग? उजव्या बाजूचं कराचं काय?"

"कराचं," ती म्हणाली. "पण ते पंधरा दिवस तुमी इंझोरीले बाईकडे जाऊन राहा."

"बरं. रोज फोन करीन."

"फोन बी करू नका," ती म्हणाली. "तुमचा आवाज आयकला का मले हसू येते."